आम्लाचा उतारा

ऊस काट्यावर येतो तेव्हा साखर त्याच्या आत तयारच असते. पानांनी ती उन्हात घडवलेली असते आणि कांड्यांत साठवलेली असते. कारखाना साखरेचा एक कणही बनवत नाही. चोथा, माती, मेण, प्रथिने, क्षार, रंग या सगळ्यांतून ती वेगळी काढणे एवढेच त्याचे काम, आणि त्या एका कामासाठी मिलच्या रोलरपासून सेंट्रिफ्युगलपर्यंत सगळा डोलारा उभा असतो. महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकाला हे समजावून सांगावे लागत नाही. त्याच्या एफआरपीचा, म्हणजे उसाच्या किमान कायदेशीर दराचा, हिशोबच १०.२५ टक्के या पायाभूत उताऱ्याशी बांधलेला आहे. उसात किती साखर होती यावर त्याला पैसे मिळत नाहीत, पोत्यात किती पडली यावर मिळतात.

साखरेच्या पुढच्या उत्पादनांची चर्चा सुरू झाली की मात्र हा व्यवहारी शहाणपणा आपण काट्यावरच सोडून येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘बायोई-थ्री’ धोरण मंजूर केले. जैव-आधारित रसायने आणि जैवप्लास्टिके यांना त्यात मानाचे स्थान आहे. बलरामपूर चिनी मिल्स उत्तर प्रदेशात साखरेपासून पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड हे प्लास्टिक बनवण्याचा मोठा कारखाना उभारते आहे. पुण्याजवळ जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजचा त्याच प्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प आहे. साखर कारखान्याने लॅक्टिक, सक्सिनिक, सायट्रिक अशी सेंद्रिय आम्ले बनवावीत, खनिज तेलावर उभ्या असलेल्या रसायन उद्योगाला शेतातून पर्याय मिळावा, हे मला मनापासून हवे आहे. म्हणूनच या चर्चेतली एक मोठी उणीव मला सतावते. भाषणांत, अहवालांत, संशोधन निबंधांत एकच आकडा पुढे केला जातो: अमुक जीवाणूने शंभर ग्रॅम साखरेतून इतके ग्रॅम आम्ल दिले. हा फर्मेंटरच्या, म्हणजे किण्वनाच्या टाकीच्या, आतला आकडा आहे. तो उसातल्या साखरेसारखा आहे, पोत्यातल्या साखरेसारखा नाही. आम्ल त्या गढूळ, कोमट पाण्यातून बाहेर कसे येणार, त्यासाठी काय काय ओतावे लागणार आणि ते आल्यावर मागे काय उरणार, याचा निर्णय आधी व्हायला हवा आणि सूक्ष्मजीवाची निवड त्यानंतर. आज नेमका उलटा क्रम चालतो.

अडचणीचे मूळ लॅक्टिक आम्लाच्या उदाहरणात स्वच्छ दिसते. दही लावणारे जीवाणू दुधातली साखर खाऊन हेच आम्ल बाहेर टाकतात. ते वेगळे काढावे असे घरात कुणाच्या मनातही येत नाही. दही, ताक, आंबील, सगळीकडे आपण आम्ल, जीवाणू आणि उरलेले अन्न एकत्रच पोटात घालतो. दह्यात आम्ल एक टक्क्याच्या आसपास पोचले आणि पीएच साडेचारच्या खाली उतरला की जीवाणू आपोआप मंदावतात. कारखान्याला एक टक्का परवडत नाही. त्याला लिटरमागे शंभर ग्रॅम किंवा त्याहून जास्त आम्ल लागते. त्यासाठी फर्मेंटरमध्ये सतत चुना किंवा चुनखडीची पूड घालून पीएच सहाच्या आसपास धरून ठेवतात. जीवाणूला आंबटपणा जाणवू दिला जात नाही, आणि तो काम करत राहतो.

पण या मेहेरबानीची किंमत लगेच मोजावी लागते. लॅक्टिक आम्ल पाण्यात दोन रूपांत राहते. एक मुक्त आम्ल, आणि दुसरे हायड्रोजन सोडून दिलेले, कॅल्शियम किंवा सोडियमला बांधलेले लवणाचे रूप. या दोहोंचे प्रमाण पीएचवर ठरते. ३.८६ या पीएचला दोन्ही निम्मे-निम्मे. पीएच ३ असेल तर सुमारे ८८ टक्के आम्ल मुक्त असते. पीएच ६ ला मुक्त आम्ल जेमतेम ०.७ टक्के उरते, बाकी सगळे लवण. आणि मुक्त रूपच जीवाणूच्या जिवावर उठते. त्यावर विद्युतभार नसल्याने ते पेशीच्या आवरणातून सहज आत शिरते, आत गेल्यावर हायड्रोजन सोडते, आणि तो बाहेर ढकलण्यात पेशीची सगळी ऊर्जा खर्च होते. म्हणजे बाजारात जे रूप विकायचे, तेच रूप बनवणाऱ्याला मारते. आणि बनवणारा ज्या रूपात सुखी असतो, ते रूप विकता येत नाही. सेंद्रिय आम्लांच्या उद्योगातली जवळपास प्रत्येक गुंतागुंत, प्रत्येक खर्च आणि प्रत्येक कचऱ्याचा ढीग या एका विरोधातून निघतो.

हा विरोध सोडवण्याची जी पद्धत आजही सर्वांत रुळलेली आहे, ती फर्मेंटरपेक्षा खूप जुनी आहे. स्वीडनमध्ये औषधालय चालवणाऱ्या कार्ल विल्हेल्म शेले याने १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल वेगळे केले आणि १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून सायट्रिक आम्लाचे स्फटिक मिळवले. लिंबाच्या रसासाठी त्याने वापरलेली युक्ती साधी आणि देखणी होती. रसात खडू घालायचा. सायट्रिक आम्ल कॅल्शियम सायट्रेट होऊन तळाशी बसते आणि साखर, प्रथिने, रंग वर पाण्यात राहतात. तो साका धुवायचा आणि त्यावर सल्फ्युरिक आम्ल ओतायचे. कॅल्शियम सल्फेटच्या, म्हणजे जिप्समच्या, रूपात तळाला जाते आणि मोकळे सायट्रिक आम्ल वर उरते. पुढे सिसिलीतल्या लिंबांपासून बनवलेले कॅल्शियम सायट्रेट जगभर जाऊ लागले आणि इटलीची या व्यापारावर जवळजवळ मक्तेदारी झाली.

पहिल्या महायुद्धाने तो पुरवठा विस्कळीत केला. त्याच सुमारास, १९१७ मध्ये, अमेरिकेतले अन्नरसायनतज्ज्ञ जेम्स करी यांनी अ‍ॅस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेपासून भरपूर सायट्रिक आम्ल बनवते हे दाखवून दिले. फायझर कंपनीने त्यांना बोलावून घेतले आणि १९१९ मध्ये ब्रुकलिनमध्ये उथळ तबकांतल्या बुरशीपासून सायट्रिक आम्लाचे उत्पादन सुरू केले. जैवतंत्रज्ञानाच्या इतिहासात ही क्रांती म्हणून सांगितली जाते आणि ती होतीच. लिंबाच्या बागेची जागा बुरशीने घेतली, नंतर तबकांची जागा खोल टाक्यांनी घेतली, वाणांत सुधारणा झाल्या. पण टाकीतून बाहेर आल्यावर पुढची वाट शेलेचीच राहिली. चुना घाला, साका धुवा, सल्फ्युरिक आम्ल ओता, जिप्सम गाळा. आज जगातल्या सायट्रिक आम्लाचा मोठा भाग याच मार्गाने येतो. आम्ल बनवण्याच्या बाजूला दोनशे वर्षांत एवढा बदल झाला, आणि आम्ल काढण्याच्या बाजूला अठराव्या शतकातली रसायनविद्या अजून पगारावर आहे. आपले लक्ष, पैसा आणि हुशार विद्यार्थी कुठे गेले हे यावरून कळते.

या मार्गाचा हिशोब कागदावर कुणालाही मांडता येतो, त्यासाठी शाळेतले रसायनशास्त्र पुरते. लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू एका कॅल्शियमला बांधले जातात. त्यामुळे एक टन लॅक्टिक आम्लासाठी सुमारे ५५० किलो चुनखडी लागते, जवळपास तेवढेच सल्फ्युरिक आम्ल लागते, आणि बदल्यात सुमारे ९५० किलो जिप्सम मिळते. सायट्रिक आम्लाला तीन आम्लगट असल्याने त्याचे पारडे आणखी झुकते: एक टन सायट्रिक आम्लामागे सुमारे १.३ टन जिप्सम. हे आकडे कारखाना चांगला चालला तरी कमी होत नाहीत, कारण ते कार्यक्षमतेचे आकडे नाहीत, रेणूंच्या वजनाचे आहेत. वरून चुनखडीतला कार्बन. एक टन लॅक्टिक आम्ल उदासीन करताना चुनखडीतून सुमारे २४० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. चुना वापरला तर हा वायू फर्मेंटरऐवजी चुनाभट्टीत सुटतो, एवढाच फरक. तो उसाने हवेतून घेतलेला कार्बन नव्हे. लाखो वर्षे खडकात बंद असलेला कार्बन आहे. साखरेपासून बनलेल्या प्लास्टिकच्या ‘हरित’ असण्याचा दावा करताना हा २४० किलोचा आकडा बहुतेक वेळा माहितीपत्रकात नसतो.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: जिप्सम विकले जाते, सिमेंटला लागते, बांधकामाच्या बोर्डांना लागते, चोपण जमिनी सुधारायला लागते. उत्तर खोटे नाही, अपुरे आहे. रासायनिक जिप्समच्या बाजारात आधीच मोठी गर्दी आहे. फॉस्फोरिक आम्ल बनवणारे खत कारखाने दर टन आम्लामागे सुमारे पाच टन जिप्सम बाहेर टाकतात, आणि औष्णिक वीज केंद्रांच्या धुरातला गंधक पकडणाऱ्या यंत्रणाही जिप्समच देतात. किण्वनातून येणारे जिप्सम ओले, तपकिरी, जीवाणूंच्या अवशेषांनी आणि साखरेने माखलेले असते. ते वाळवायला उष्णता लागते, वाहून न्यायला डिझेल लागते, आणि किंमत इतकी कमी की कारखान्यापासून शंभरेक किलोमीटरवर सिमेंट प्रकल्प नसेल तर भाडेही निघायचे नाही. जे ‘उपउत्पादन’ ठेवायला कारखान्याला जागा विकत घ्यावी लागते, त्याला मी कचरा म्हणतो.

जिप्सम हा दिसणारा ढीग. न दिसणारा खर्च पाण्याचा आहे. लिटरमागे शंभर ग्रॅम आम्ल असलेल्या द्रवातून एक किलो आम्ल काढायचे तर सुमारे नऊ किलो पाणी घालवावे लागते, आणि एका किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.२६ मेगाज्यूल उष्णता लागते. सरळ उकळले तर किलोमागे वीस मेगाज्यूल वाफेतच जातात. साखर कारखान्याला यातली तोड पूर्वीपासून माहीत आहे. एका भांड्यातल्या वाफेवर दुसरे, दुसऱ्याच्या वाफेवर तिसरे असे चार-पाच इव्हॅपोरेटर जोडायचे आणि तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरायची. या बाबतीत साखर कारखाना कुठल्याही नव्या जैवतंत्रज्ञान कंपनीपेक्षा अनुभवी आहे. तरीही मूळ नियम सुटत नाही. थॉमस शेरवूड या अमेरिकी रसायन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या मध्यात वेगवेगळ्या पदार्थांच्या किमती आणि ते मूळ मिश्रणात किती विरळ असतात हे एका आलेखावर मांडले, तेव्हा ठिपके साधारण एका तिरप्या रेषेत बसले: जितके विरळ, तितके महाग. वीस ग्रॅमवर थांबणारा जीवाणू आणि दीडशे ग्रॅमपर्यंत जाणारा जीवाणू यांतला फरक म्हणूनच साखरेच्या बचतीपुरता नसतो. पहिल्याच्या वाट्याला किलोमागे एकोणपन्नास किलो पाणी येते.

आणि मग शुद्धता. लोणच्यात किंवा शीतपेयात आंबटपणासाठी घालायचे लॅक्टिक आम्ल थोडे पिवळसर असले तरी चालते. प्लास्टिकसाठी ते चालत नाही. रेणूंची लांब साखळी बांधायची तर आम्लात उरलेली साखर, अमिनो आम्ले, धातूंचे अंश, इतर सेंद्रिय आम्ले हे सगळे अत्यल्प असावे लागते. उरलेली साखर गरम झाली की द्रव तपकिरी होतो. दुसरे एखादे आम्ल साखळीच्या टोकाला चिकटले की साखळी तिथेच थांबते. लॅक्टिक आम्ल डाव्या-उजव्या हातांसारख्या दोन रूपांत असते, आणि मजबूत प्लास्टिकसाठी एकाच हाताचे ९९ टक्क्यांच्या आसपास हवे असते. शिवाय हे आम्ल स्वभावाने हट्टी. पाण्यात कितीही मिसळते, म्हणून साखरेसारखे सहज स्फटिक होऊन बसत नाही. घट्ट करायला गेले की त्याचे रेणू एकमेकांनाच जोडले जाऊ लागतात. नेहमीच्या दाबाखाली ते नीट उकळत नाही, म्हणून ऊर्ध्वपातनासाठी मोठी निर्वात यंत्रणा लागते. गाळणी, सक्रिय कोळसा, आयन-विनिमय रेझिन, इव्हॅपोरेटर, निर्वात ऊर्ध्वपातन, अशी रांग लागते आणि प्रत्येक टप्प्यावर थोडे आम्ल हातातून सुटते. पाच टप्प्यांत प्रत्येकी पाच टक्के सुटले तर शेवटी ७७ टक्केच हाती येते. फर्मेंटरमध्ये प्रयोगांती मिळवलेली चार टक्क्यांची वाढ इथे कुठल्या कुठे वाहून जाते.

इथेच मळीचा प्रश्न उभा राहतो. साखर कारखान्याला सगळ्यांत स्वस्त कच्चा माल म्हणजे मळी, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत लॅक्टोबॅसिलसच्या सुधारित वाणांनी मळीवरही चांगले लॅक्टिक आम्ल दिले आहे. ते काम मोलाचे आहे. पण मळीत साखरेच्या प्रत्येक पोत्यातून बाजूला केलेले क्षार, रंग आणि अशुद्धी साठलेल्या असतात. जीवाणू त्यांना हात लावत नाही. त्या जशाच्या तशा आम्लासोबत पुढे जातात. म्हणजे साखर कारखान्याने एकदा वेगळे केलेले ओझे आम्ल कारखान्याने पुन्हा वेगळे करायचे, आणि या वेळी जास्त कठीण परिस्थितीत. अन्नासाठीच्या आम्लाला मळी चालेल. प्लास्टिकसाठीच्या आम्लाला स्वच्छ रस किंवा कच्ची साखर वापरणे एकूण हिशोबात स्वस्त पडण्याची शक्यता मोठी आहे. ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही घोषणा कानाला गोड लागते म्हणून हा हिशोब टाळू नये.

शेलेच्या मार्गाला पर्याय नाहीत असे मुळीच नाही. तृतीयक अमाइन नावाची तेलकट रसायने मुक्त आम्लाला पकडून पाण्याबाहेर ओढतात. सायट्रिक आम्लासाठी अमेरिकेत माइल्स लॅबोरेटरीजने हा मार्ग प्रत्यक्ष वापरला आणि तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यताही दिली. जिप्सम शून्य. पण अमाइन आम्लाला जितके घट्ट धरते, तितके ते सोडवणे अवघड, आणि पीएच ६ च्या द्रवात धरायला मुक्त आम्लच नसते. दुसरा मार्ग एस्टरचा. लॅक्टिक आम्लाची अल्कोहोलशी अभिक्रिया घडवायची, तयार झालेले एस्टर ऊर्ध्वपातनाने शुद्ध करायचे आणि पुन्हा पाण्याने तोडायचे. अभिक्रिया आणि ऊर्ध्वपातन एकाच मनोऱ्यात करण्याच्या या तंत्रावर आयआयटी मुंबईत संजय महाजनी यांच्या गटाने लॅक्टिक आम्ल आणि ब्युटॅनॉल घेऊन चांगले काम केले आहे. शुद्धतेसाठी याच्या तोडीचा मार्ग मला दिसत नाही. पण त्यालाही सुरुवातीला मुक्त आम्लच लागते, म्हणजे लवणाचा प्रश्न दाराबाहेर तसाच उभा.

चुन्याऐवजी अमोनिया वापरला तर जिप्समच्या जागी अमोनियम सल्फेट मिळते, आणि ते खत आहे. हे उत्तर जास्त प्रामाणिक वाटते, पण एक टन लॅक्टिक आम्लामागे सुमारे ७३० किलो खत विकण्याची तयारी हवी. त्या क्षणी आम्ल कारखाना अर्धा खत कारखाना झालेला असतो.

महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांसाठी मला सगळ्यांत आशेचा वाटतो तो द्विध्रुवी पटलांच्या इलेक्ट्रोडायलिसिसचा मार्ग. फर्मेंटरमध्ये कॉस्टिक सोडा वापरायचा. तयार झालेले सोडियम लॅक्टेट पटलांच्या थप्पीतून विजेच्या साहाय्याने फोडायचे. एका बाजूने लॅक्टिक आम्ल, दुसऱ्या बाजूने तोच कॉस्टिक सोडा परत. तो पुन्हा फर्मेंटरला द्यायचा. चुनखडी आत येत नाही, जिप्सम बाहेर जात नाही. खर्च होते ती वीज, आणि बगॅसवर सहवीजनिर्मिती करणाऱ्या कारखान्याकडे गाळप हंगामात ती स्वतःची असते. दगड आणि सल्फ्युरिक आम्ल विकत घेण्यापेक्षा स्वतःच्या चोथ्यातली ऊर्जा वापरणे, हे साखर कारखान्याच्या स्वभावाला धरून आहे. अडचणी खऱ्या आहेत. पटले महाग आहेत. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अगदी थोडे असले तरी ती खराब होतात, म्हणून आधी आयन-विनिमयाचा कडक पहारा लागतो, आणि मळीत नेमके हेच दोन भरपूर असतात. हंगाम संपल्यावर विजेचा भाव बदलतो. तरीही या अडचणी अभियांत्रिकीच्या आहेत, मेहनतीने कमी होणाऱ्या. रेणूंच्या वजनातून येणारा जिप्समचा ढीग कुठल्याही मेहनतीने कमी होत नाही.

एक भक्कम आक्षेप मात्र मला टाळून चालणार नाही. जनुक अभियंते म्हणतात, आम्ही आम्लात जगणारे यीस्टच बनवून देतो, मग चुना घालायचाच कशाला? आणि त्यांनी ते करून दाखवले आहे. अमेरिकेतल्या ब्लेअर, नेब्रास्का इथे कारगिल लॅक्टिक आम्लासाठी आम्ल सहन करणारे यीस्ट वापरते, आणि त्याच आवारात नेचरवर्क्सचा पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडचा मोठा कारखाना चालतो. कमी पीएचला मुक्त आम्ल मिळत असल्याने चुन्याची आणि सल्फ्युरिक आम्लाची गरज बरीच घटते. ही मोठी झेप आहे, आणि मला ती माझ्याच बाजूचा पुरावा वाटते. या संशोधकांनी ‘जास्त आम्ल देणारा जीव कोणता’ असे विचारले नाही. ‘आम्ल ज्या रूपात काढायला सोपे, त्या रूपात ते देणारा जीव कोणता’ असे विचारले. उत्तर जनुकशास्त्राने दिले, प्रश्न शुद्धीकरणाच्या विभागाने घातला. असा प्रश्न घालणारा माणूस संशोधनाच्या पहिल्या बैठकीत हवा, शेवटच्या नव्हे.

तरीही आम्लसहिष्णू जीव मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. काळी बुरशी दोनच्या आसपासच्या पीएचलाच सायट्रिक आम्ल उत्तम बनवते. तिथे चुना घालायची जीवशास्त्राला काही गरज नाही, आम्ल मुक्तच असते. तरी कारखाने नंतर चुना घालतात, कारण साखर, प्रथिने आणि रंगांपासून आम्ल वेगळे करण्याचा त्यांना ठाऊक असलेला भरवशाचा रस्ता तोच आहे. जीवाने आपली बाजू सांभाळली तरी अभियंत्याने आपली न सांभाळल्यास जिप्सम येतेच.

याचा पुढचा निष्कर्ष असा की जीवासोबत आम्लसुद्धा निघण्याच्या सोयीने निवडावे. सक्सिनिक आम्ल गरम पाण्यात भरपूर विरघळते आणि थंड पाण्यात लिटरमागे साठ-सत्तर ग्रॅमच. नुसते थंड केल्यावर त्याचे स्फटिक पडू लागतात. पॅन आणि सेंट्रिफ्युगल चालवणाऱ्या माणसांना हे आम्ल लॅक्टिकपेक्षा कितीतरी ओळखीचे वाटेल. अर्थात निघायला सोपे म्हणजे विकायला सोपे असे नाही. कॅनडातल्या सार्नियाला बायोअंबर कंपनीने यीस्टपासून सक्सिनिक आम्ल बनवणारा वर्षाला ३०,००० टन क्षमतेचा कारखाना २०१५ मध्ये उभारला, आणि २०१८ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. खनिज तेलाच्या किमती कोसळलेल्या, गिऱ्हाइके अपेक्षेपेक्षा कमी. शुद्धीकरणावर त्याचे खापर फोडणे अन्यायाचे होईल. पण ज्या धंद्यात बाजार इतका निर्दय आहे, तिथे प्रक्रियेच्या शेपटीकडचा प्रत्येक रुपया जास्तच जड होतो.

हे सगळे इतक्या आग्रहाने मांडण्याचे कारण महाराष्ट्राच्याच अनुभवात आहे. मळीपासून अल्कोहोल बनवणाऱ्या डिस्टिलऱ्या आपण गावोगाव उभ्या केल्या, तेव्हाही आकडा एकच होता: टन मळीमागे किती लिटर. एका लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर तांबडा, दुर्गंधी स्पेंटवॉश निघतो हे माहीत असूनही प्रकल्पाच्या पानांत तो शेवटी, ‘सांडपाणी’ या परिशिष्टात होता. मग नाले काळे झाले, विहिरींचे पाणी बिघडले, तक्रारी आणि नोटिसा झाल्या. त्यानंतर बायोगॅस, कंपोस्ट, बाष्पीकरण आणि जाळण्याचे बॉयलर आले आणि शून्य द्रव विसर्जनाची सक्ती आली. उपाय अखेर सापडले. पण जी गावे त्या नाल्यांच्या काठावर होती, त्यांनी मधल्या वर्षांची किंमत पाण्याने मोजली. आम्लाच्या कारखान्यांत हीच चूक जिप्समच्या ढिगाने, रेझिन धुतलेल्या खारट पाण्याने आणि रंगलेल्या शेषद्रवाने पुन्हा करणे आपल्याला शोभणार नाही. या वेळी आपल्याला आधीपासून माहीत आहे.

म्हणून प्रकल्प अहवाल समोर आला की पहिले पान मला असे हवे: एक टन विकण्याजोग्या शुद्ध आम्लामागे किती साखर, किती चुना किंवा कॉस्टिक, किती सल्फ्युरिक आम्ल, किती वाफ, किती वीज, आणि बाहेर किती घन कचरा, किती खारे पाणी, किती कार्बन. सरकारी अनुदान या पानाशिवाय देऊ नये. विद्यापीठांतल्या प्रबंधांनीही ‘ग्रॅम प्रति लिटर’ वर थांबू नये. मिळवलेल्या आम्लाची शुद्धता आणि हाती आलेला वाटा सांगितल्याशिवाय अशा कामाला पूर्ण समजू नये. आज जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला जनुकाची कात्री चालवायला मिळते, गाळणीच्या पटलावर साचलेला थर खरवडायला मिळत नाही. आणि रसायन अभियंत्याला मनोरे शिकवले जातात ते बहुतेक पेट्रोलियमच्या मिश्रणांवर. दोघांची भेट नोकरीत होते, तेव्हा प्रक्रिया ठरून गेलेली असते.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, मुंबईत आयआयटी आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. किण्वन, साखर आणि शुद्धीकरण या तिन्हींची इतकी माणसे देशात क्वचितच कुठे इतक्या जवळ असतील. त्यांनी मिळून एक सामायिक चाचणी केंद्र उभारावे, फक्त शुद्धीकरणाचे. तिथे पटले आणि रेझिने डिस्टिल्ड पाण्यातल्या स्वच्छ आम्लावर तपासू नयेत. खऱ्या कारखान्याच्या खऱ्या द्रवावर तपासावीत, आणि काही तासांऐवजी एक अख्खा गाळप हंगाम. पटल पहिल्या दिवशी किती आम्ल सोडते हे पुरवठादाराच्या माहितीपत्रकातही मिळते. नव्वदाव्या दिवशी, अठ्ठावीस वेळा धुऊन झाल्यावर, हंगामाच्या शेवटच्या आठवड्यातल्या उशिरा तोडलेल्या उसाच्या रसावर ते किती सोडते, हे आपल्याला स्वतःलाच मोजावे लागेल. आणि ते मोजून होईपर्यंत पायाभरणीची तारीख काढू नये.